साठ टेबलांची एक फाइल

मराठवाड्यातील फर्निचरच्या ठोक उत्पादनाचा विचार मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील मॉड्युलर स्वयंपाकघरापासून सुरू केला, तर विषयाचा धागा सुरुवातीलाच हातून सुटतो. लातूर आणि नांदेड या शहरांत एकाच मापाच्या आणि एकाच घडणीच्या लाकडी वस्तूंची मागणी उभी राहिली ती मुख्यतः शिकायला आलेल्या मुलामुलींमुळे. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१चे आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चे. या संस्थांतून पुढे जी काटेकोर अध्यापनपद्धती 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली, तिच्यामागोमाग खासगी शिकवण्या आल्या, शिकवण्यांमागे वसतिगृहे, अभ्यासिका आणि खानावळी आल्या, आणि वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा हा व्यवसाय नांदेडमध्येही तितकाच पसरला. नांदेडला याशिवाय तख्त सचखंड श्री हजूर साहिब या शीख गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी यात्री निवास आणि लॉज यांची गरज कायमच असते, आणि २००८च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराच्या बांधकामाला जो वेग आला तो सर्वांच्या स्मरणात आहे. अशा प्रत्येक खोलीला खाट, टेबल, कपाट आणि पुस्तकांची फळी लागते. शिवाय दहावीचा निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या मोजक्या आठवड्यांत ती सगळी जागेवर बसलेली असावी लागतात, म्हणजे मागणी मोठीही असते आणि एकदमही येते.

या मागणीला संगणकावरच्या आराखड्यातून थेट सीएनसी यंत्राकडे जाणारी उत्पादनपद्धती कितपत पुरी पडते, आणि तिच्यातला खरा अवघड भाग कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. यंत्र विकत घेणे हा त्यातला सोपा भाग होय. सुताराच्या हातात असलेले नियम आकड्यांच्या भाषेत लिहून काढणे हा अवघड भाग, आणि चर्चा मात्र बहुधा पहिल्याचीच होते.

जुन्या मराठवाड्यात सुतार हा बलुतेदार होता; त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५च्या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे वर्णन आहे तीत औत, तिफण, पाभर यांची घडण आणि दुरुस्ती हे त्याचे मुख्य काम, आणि वाकस, करवत, किकरे, पटाशी, रंधा, गुण्या ही त्याची हत्यारे. घरबांधणीतही त्याचा वाटा मोठा असे, कारण माळवदाच्या घराचा सांगाडा सागवानी खांब आणि तुळयांवर उभा राही आणि घराचा आकार किती खणांचा यावरूनच सांगितला जाई; एक खण ठरला की खांबांची संख्या, तुळईची लांबी आणि लागणारे लाकूड हे सगळे त्यातून निघत असे. सागवान जवळचेच होते, कारण १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आलेला किनवट तालुका हा सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर जाड दगडी भिंतींच्या माळवदी घरांवरचा लोकांचा विश्वास उडाला, सिमेंटची घरे आली, आणि लाकूडकामाचे क्षेत्र सांगाड्यावरून दारे, कपाटे आणि पलंगांपर्यंत आक्रसले. यांत्रिक उत्पादनाच्या दृष्टीने मात्र याहून निर्णायक बदल मालाचा झाला. झाडाच्या फळीला शिरा असतात, गाठी असतात, ती वाकते आणि आटते, त्यामुळे प्रत्येक फळी पाहून निर्णय घ्यावा लागतो. याउलट प्लायवूड, लाकडाचा भुगा किंवा चुरा डिंकात दाबून केलेला पार्टिकल बोर्ड आणि लाकडाच्या तंतूंपासून बनवलेला एमडीएफ हे सपाट, एकजिनसी आणि ठरावीक मापाचे असतात. पार्टिकल बोर्ड जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास माक्स हिमेलहेबर यांच्या प्रयत्नांतून पुढे आला तो लाकडाच्या टंचाईमुळे. ८ फूट गुणिले ४ फूट, म्हणजे २४४० गुणिले १२२० मिलिमीटरची जी शीट आज लातूरच्या दुकानात भिंतीला टेकून उभी असते, तिच्याशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते.

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या अंकी आज्ञांवर चालणारे यंत्र. या कल्पनेचा उगम विमानउद्योगात आहे: जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये अंकी नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. लाकूडकामातील सीएनसी राऊटरमध्ये मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेणारा स्पिंडल असतो, त्यात ६ मिलिमीटर किंवा तत्सम व्यासाचा बिट बसवलेला असतो, आणि तो आडवा, उभा आणि खालीवर अशा तीन दिशांनी सरकतो. त्याला मिळणाऱ्या आज्ञांच्या भाषेला जी-कोड म्हणतात. 'जी०१ एक्स९०० एफ१००००' या ओळीचा अर्थ इतकाच, की मिनिटाला १०,००० मिलिमीटर या गतीने सरळ रेषेत ९०० या अंकापर्यंत जा. अशी यंत्रे आता जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्मीळ राहिलेली नाहीत, पण लहान शहरांत ती बहुतांशी दारावरची नक्षी, देवघरे, जाळ्या आणि नावाच्या पाट्या कोरण्यात गुंतलेली असतात. नक्षीला गिऱ्हाईक आहे आणि त्यात कमीपणाही काही नाही; तथापि मिलिमीटरच्या अंशापर्यंत तेच माप हजार वेळा देऊ शकणाऱ्या यंत्राकडून केवळ गणपती आणि वेलबुट्टी कोरून घेण्यात त्याच्या क्षमतेचा मोठा भाग पडून राहतो.

ठोक उत्पादनासाठी आराखडा काढण्याची पद्धतच बदलावी लागते. साध्या चित्रात टेबलाची रुंदी ९०० मिलिमीटर असेल, तर ती रेषा ९०० लांबीची असते आणि गिऱ्हाइकाने १०५० मागितली की चित्र पुन्हा काढावे लागते. पॅरामेट्रिक, म्हणजे चलराशींवर आधारलेल्या आराखड्यात रुंदी, खोली, उंची आणि बोर्डाची जाडी ही चार-सहा मापे एका तक्त्यात लिहिलेली असतात आणि प्रत्येक तुकड्याचे माप त्यांच्यातील संबंध म्हणून नोंदवलेले असते. दोन बाजूंच्या मधली फळी किती लांब, तर रुंदी वजा जाडीची दुप्पट. बाजूची पाटी किती उंच, तर टेबलाची उंची वजा वरच्या फळीची जाडी. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी मापे स्प्रेडशीटला जोडता येतात आणि पायथन भाषेत छोटा प्रोग्राम लिहून एका आज्ञेत सर्व तुकडे काढता येतात. स्केचअपमध्ये हेच काम रुबी भाषेतील पूरक प्रोग्राम करतात, आणि ओपनकटलिस्ट हा तसाच एक मोफत पूरक प्रोग्राम तुकड्यांची यादी बनवून देतो. नागपूरच्या स्पेसवूडसारख्या मोठ्या कारखान्यांच्या प्रमाणावर जी महागडी खास सॉफ्टवेअर वापरली जातात त्यांचेही तत्त्व हेच. फरक असतो तो तयार नियमांचा साठा, हिशेब आणि यंत्रांशी जोडणी यांत.

या नियमांपैकी काही जगभर ठरून गेलेले आहेत. युद्धोत्तर जर्मनीत रूढ झालेल्या ३२ मिलिमीटर पद्धतीत कपाटाच्या बाजूच्या पाटीवर ५ मिलिमीटर व्यासाची भोके एकमेकांपासून ३२ मिलिमीटरवर आणि पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर एका ओळीत असतात, आणि बिजागरी, ड्रॉवरची पट्टी, फळीचा आधार हे सगळे त्याच ओळीत बसतील असे बनवले जातात. दाराच्या बिजागरीच्या वाटीला ३५ मिलिमीटरचे भोक लागते. एकदा हे आकडे आराखड्यात घातले की भोकांसाठी पेन्सिल आणि गुण्या हाती घेण्याचे कारण उरत नाही. आराखड्यातून तुकड्यांची रेखाकृती बहुधा डीएक्सएफ या प्रकारच्या फाइलमध्ये काढतात, आणि तीत कापायची रेघ एका थरात, ५ मिलिमीटरची भोके दुसऱ्या थरात, खाच तिसऱ्या थरात अशी विभागणी केलेली असते; थराच्या नावावरून पुढचा प्रोग्राम बिट कोणता आणि खोली किती हे ठरवतो. ही थरांची शिस्त दिसायला कारकुनी आहे, पण स्वयंचलनाचा अर्धा भार तीच वाहते.

त्यानंतरचा टप्पा नेस्टिंगचा, म्हणजे सर्व तुकडे शीटवर कमीत कमी जागा वाया जाईल असे मांडण्याचा. या प्रश्नाचा इतिहास लाकूडकामाशीच जोडलेला आहे: १९३०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत प्लायवूड उद्योगाच्या एका प्रयोगशाळेने लेनिनग्राडचे गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी हा प्रश्न नेला, आणि त्यातून त्यांनी १९३९ मध्ये उत्पादननियोजनाच्या गणिती पद्धतींवर जी पुस्तिका लिहिली तीत माल कमीत कमी वाया घालवून कापण्याचा प्रश्नही होता. पुढे रेखीय प्रायोजन या नावाने ओळखल्या गेलेल्या शाखेचा तो आरंभ ठरला, आणि १९७५ मध्ये कांतोरोविच यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॅनेल सॉ या मोठ्या करवतीवर प्रत्येक काप शीटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावा लागतो. राऊटरचा बिट मात्र हवा तिथे उतरू शकतो आणि वळू शकतो, म्हणून त्याला मांडणीचे स्वातंत्र्य अधिक मिळते, जरी ६ मिलिमीटरचा बिट करवतीच्या पातळ पात्याहून अधिक माल खातो.

एक काल्पनिक मागणी गृहीत धरून हिशेब मांडला तर हे स्पष्ट होते. एका वसतिगृहाला ९०० मिलिमीटर रुंद, ६०० खोल आणि ७५० उंच अशी ६० अभ्यासाची टेबले हवी आहेत आणि बोर्ड १८ मिलिमीटर जाडीचा आहे असे धरू. वरची फळी ९०० गुणिले ६००, दोन बाजू प्रत्येकी ७३२ गुणिले ५८०, मागची आडवी पाटी ८६४ गुणिले ३०० आणि पुस्तकांची फळी ८६४ गुणिले २५०. या पाच तुकड्यांचे क्षेत्रफळ सुमारे १.८६ चौरस मीटर होते, तर शीटचे २.९८. प्रत्येक टेबल स्वतंत्रपणे एका शीटमधून कापले, तर ६० शीट लागतात आणि प्रत्येक शीटचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कोपऱ्यात साचतो. कोणताही जाणता मिस्त्री असे करणार नाही, तो उरलेल्या तुकड्यातून पुढची फळी काढेलच. पण साठ टेबलांचे तीनशे तुकडे एकदम डोळ्यांपुढे ठेवून मांडणे माणसाला कठीण असते. ते सर्व एकत्र मांडले आणि शंभरातले बारा भाग वाया गेले असे धरले, तर ४३ शीट पुरतात. काहीच वाया न जाता गणिताने शक्य असलेली खालची मर्यादा ३८ आहे. लॅमिनेटच्या रेषा सर्व टेबलांवर एकाच दिशेने दिसाव्यात अशी अट असली की तुकडे फिरवता येत नाहीत आणि दोन-तीन शीट वाढू शकतात. ही अट गिऱ्हाइकाला खरोखर हवी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

वेळेचा हिशेब त्याहून उद्बोधक आहे. एका टेबलाच्या तुकड्यांच्या कडांची एकूण लांबी सुमारे १२.८ मीटर, म्हणजे साठांची ७६८ मीटर. लहान यंत्र मिनिटाला ६ मीटर गतीने दोन फेऱ्यांत कापत असले, तरी निव्वळ कापणीला साडेचार तासांहून कमी वेळ लागतो. शीट चढवणे-उतरवणे धरले तरी एक-दोन दिवसांचे काम. परंतु त्या ७६८ मीटर कडांपैकी दिसणाऱ्या सर्व कडांना पीव्हीसीची पट्टी गरम डिंकाने चिकटवायची असते, तिची टोके छाटायची असतात, मग भोके जुळवून स्क्रू घालायचे असतात, आणि तिथे यंत्र नसेल तर काम पुन्हा हातावर येते. कापणीचा वेग दहापट झाल्याने टेबले दहापट लवकर तयार होत नाहीत. रांग फक्त एका माणसापुढून दुसऱ्या माणसापुढे सरकते. म्हणूनच राऊटरनंतरची दुसरी गुंतवणूक मोठा राऊटर नसून कडपट्टीचे यंत्र असायला हवी, आणि तिसरी, अजिबात महाग नसलेली, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर लावायचे लेबल, ज्यावर टेबलाचा क्रमांक, तुकड्याचे नाव आणि पट्टी कोणत्या कडेला हे छापलेले असते. तीनशे तुकड्यांच्या ढिगात डावी आणि उजवी बाजू शोधण्यात जाणारा वेळ कोणत्याच सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत मोजलेला नसतो.

आता जाडीचा प्रश्न, ज्यावर अशा बहुतेक प्रकल्पांची परीक्षा होते. '१८ एमएम' म्हणून विकला जाणारा प्लाय प्रत्यक्षात १७.४ भरू शकतो, आणि एकाच गाडीतून आलेल्या दोन शीटमध्येही फरक असू शकतो. आराखड्यात १८ लिहिलेले असेल, तर मधली फळी ८६४ची कापली जाते, पण बाजू पातळ असल्यामुळे टेबलाची रुंदी ९०० ऐवजी ८९८.८ होते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. परंतु फळी बसवण्यासाठी बाजूला १८ची खाच पाडलेली असेल, तर १७.४ची फळी तीत ०.६ मिलिमीटरने हलते, आणि हे साठही टेबलांच्या बाबतीत घडते. फूट, इंच आणि इंचाचा आठवा भाग असलेले सूत या मापांत काम करणाऱ्या सुताराच्या दृष्टीने हा फरक सुताच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. तो फळी खाचेत घालून पाहतो, घट्ट असली तर रंध्याचे एक साल काढतो, सैल असली तर पाचर किंवा जादा डिंक देतो, आणि आपण काही दुरुस्त केले याची नोंदही करत नाही. यंत्र असे काही करत नाही. त्यामुळे माल आल्यावर प्रत्येक शीट व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजणे, त्या दिवसाची जाडी तक्त्यात लिहिणे आणि खाचेला जाडीपेक्षा किंचित जास्त सैलसर माप देणे हे नियम आराखड्यात घालावे लागतात. आणि ते घालण्यासाठी ज्याने अशा खाचा हजारदा बसवल्या आहेत त्याला, म्हणजे सुतारालाच, विचारावे लागते. गतीच्या बाबतीतही हेच दिसते. नवखा चालक यंत्र जपायचे म्हणून गती कमी करतो, पण १८,००० फेऱ्यांचा दोन पात्यांचा बिट मिनिटाला १० मीटर गतीने सरकला तर प्रत्येक पाते ०.२८ मिलिमीटरचे साल काढते. गती फार कमी केली की साल निघण्याऐवजी भुकटी होते, घर्षणाने बिट तापतो, कड काळी पडते आणि बिट जळतो. रंध्याचे पाते किती बाहेर काढावे हे ज्याला कळते त्याला हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. त्याला फक्त आकडा सांगावा लागतो.

स्थानिक परिस्थितीच्या अडचणी तुलनेने लवकर सांगून होतात. वीज मध्येच गेली तर साधे यंत्र आपली जागा विसरते आणि शीट अर्धवट कापलेली राहते, म्हणून प्रत्येक शीटचा प्रारंभबिंदू पक्क्या अडसराने ठरवलेला असावा लागतो आणि फाइल शीटनिहाय तोडलेली असावी लागते. शीट जागेवर धरणाऱ्या निर्वात पंपाला थ्री-फेज जोडणी लागते. ती नसेल तर शीट स्क्रूने किंवा शिकंज्याने धरतात, आणि लहान तुकडे उडू नयेत म्हणून तळाशी कागदाएवढा थर न कापता ठेवून तो नंतर हाताने मोकळा करतात. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा यांमुळे मेमध्ये कापलेला प्लाय ऑगस्टमध्ये किंचित फुगतो, म्हणून दारांच्या फटी या ऋतुबदलाचा विचार करून ठेवाव्या लागतात. धुळीची गोष्ट मात्र गंभीर आहे: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गणले आहे, आणि एमडीएफची धूळ अत्यंत बारीक असते. पत्र्याच्या शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून दिवसभर राऊटरपाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला धूळ ओढून घेणारे यंत्र मिळायला हवे, आणि अंदाजपत्रकात तेच सर्वांत आधी खोडले जाते.

हा बदल सुतारांना बेकार करील का, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. चौरस फुटाच्या दराने ठेका घेणाऱ्या कारागिरांचे कापण्याचे काम कमी होईल हे उघड आहे. जोडणी, बसवणी आणि जागेवरचे माप घेण्याचे काम उरते, कारण वसतिगृहांच्या भिंती काटकोनात नसतात आणि त्या यंत्राने सरळ होत नाहीत. सरकारी योजनांचा कल मात्र अजून हत्यारांकडेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, साधनसंचासाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून लहान कारखान्याच्या प्रकल्पाला १५ ते ३५ टक्के अनुदान मिळू शकते. लहान राऊटरची किंमतही काही लाखांच्या घरात जाते, त्यामुळे एकट्या सुतारापेक्षा चार-पाच कारागिरांनी मिळून किंवा एखाद्या जॉबवर्क केंद्राच्या आधाराने पुढे जाणे शहाणपणाचे. शिक्षणाची बाजू नांदेडला दुबळी नाही: विष्णुपुरीचे श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे, आणि लातूरलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. उणीव आहे ती अभियंता आणि सुतार एका टेबलाशी बसण्याची. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांची सार्वजनिक कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक, आणि तीही ग्रामीण महाराष्ट्रात. अशा कार्यशाळेत नियम लिहिणारा आणि नियम जाणणारा यांची गाठ पडण्याची सोय असते. औद्योगिक वसाहतीतल्या जॉबवर्कच्या दुकानात ती नसते.

या दुकानांच्या कामाची रीत साधारण अशी, की दुसऱ्या शहरातला डिझायनर व्हॉट्सअॅपवर डीएक्सएफ फाइल पाठवतो, दुकान ती कापून देते आणि शीटमागे मजुरी घेते. त्या फाइलमध्ये केवळ अंतिम रेघा असतात. रुंदी बदलली तर फळी किती बदलावी, जाडी १७.४ निघाली तर खाच किती ठेवावी, हे नियम डिझायनरच्या संगणकावरच राहतात. दोन वर्षांनी वसतिगृहातल्या एका टेबलाची बाजू पाण्याने फुगली आणि मालकाने तेवढीच नवी मागितली, तर दुकानदाराला जुनी रेघ पुन्हा कापता येते, पण आता मिळणारा बोर्ड वेगळ्या जाडीचा असेल तर ती बसत नाही. टेबलांसाठी आयएस १७६३३ आणि खाटांसाठी आयएस १७६३५ अशी भारतीय मानके आता आहेत, आणि मजबुतीची चाचणी पार केलेला नमुना जसाच्या तसा पुन्हा बनवता आला पाहिजे ही अपेक्षा संस्थात्मक खरेदीत वाढत जाईल. तेव्हा लातूर-नांदेडच्या ज्या दुकानाकडे चलराशींचा तक्ता, त्या खेपेला वापरलेल्या बोर्डाची मोजलेली जाडी, बिटचा व्यास आणि कडपट्टीची जाडी अशी नोंद मागणीच्या क्रमांकाने ठेवलेली असेल, त्याच्याकडे काम टिकेल. या नोंदीला संगणकाची जागा जवळपास लागतच नाही, आणि ती ठेवायची की नाही हे डिझायनरशी करार करतानाच ठरवून घ्यावे लागते: आराखड्याची मूळ फाइल नियमांसह दुकानाला मिळणार की नाही, आणि मिळणार असेल तर तिचे मोल शीटच्या मजुरीत धरायचे की वेगळे द्यायचे.